उत्तर सांगा, पण शेवटी

दृढीकरण संस्कार झाला की धर्मशिक्षणाच्या वर्गातली बाकं रिकामी होऊ लागतात. दहावीचं वर्ष क्लासने खाल्लं, अकरावीला मुलं कॉलेजात गेली, आणि रविवारच्या मिस्सानंतरच्या तासाला उरली ती आईच्या धाकाने येणारी पाचसहा. ही कारणं खरीच आहेत. आणखी एक कारण आहे, ते आपण शिकवणारे सहसा बोलून दाखवत नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला आपण अजून तेच सांगत असतो, जे त्याला प्रथम कम्युनियनच्या तयारीत सांगितलं होतं. चोरी करू नकोस, खोटं बोलू नकोस, आईबाबांचा मान राख. त्याला ते पाठ आहे. मित्राने पाठवलेला कुणाचा तरी फोटो पुढे पाठवायचा की नाही, हे त्याला रात्री अकरा वाजता एकट्याने ठरवायचं असतं, आणि त्यासाठी आपण त्याच्या हाती काहीच दिलेलं नसतं.

हा लेख अशा वर्गांना शिकवणाऱ्यांसाठी आहे. धर्मग्रामातले प्रापंचिक कॅटेकिस्ट, सिस्टर, फादर, आणि कॅथलिक शाळा-ज्युनिअर कॉलेजांत नीतिशिक्षणाचा तास ज्यांच्या गळ्यात पडतो ते शिक्षकही. माझं म्हणणं एवढंच, की या वयाच्या मुलांना निवाडा करण्याची रीत शिकवावी. ख्रिस्तसभेचं उत्तर झाकून ठेवायचं नाही, पातळही करायचं नाही. फक्त ते तासाच्या सुरुवातीला फळ्यावर लिहायचं नाही.

ही युक्ती बायबलातलीच आहे. शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकात नाथान संदेष्टा दावीद राजाकडे येतो. दावीदाने उरियाची बायको बळकावली आहे, उरियाला लढाईत पुढे घालून मारवलं आहे. नाथान यातला एक शब्दही आधी काढत नाही. तो राजापुढे एक खटला मांडतो. शेकडो मेंढरं असलेल्या श्रीमंताने पाहुण्यासाठी शेजारच्या गरिबाची एकुलती कोकरी कापली. दावीद संतापतो, शिक्षाही सुनावतो, आणि मग नाथान बोट राजाकडे वळवतो. आधीच आरोप केला असता, तर राजाने दहा सबबी सांगितल्या असत्या. आपण नाथानचा अर्धाच कित्ता गिरवायचा. खटला मांडायचा, मुलांना निवाडा करू द्यायचा. बोट वळवण्याचं काम वर्गात करायचं नाही. ते मूल, त्याचा देव आणि फार तर पापनिवेदन ऐकणारा फादर यांच्यात होऊ द्यावं.

खटला मुलांच्या अंगणातला हवा. नीतिशास्त्राच्या पुस्तकांतली ट्रॉली, बुडती होडी, वाळवंटातला शेवटचा पाण्याचा घोट ही उदाहरणं मुलांना आवडतात, आणि आवडतात म्हणूनच निरुपयोगी ठरतात, कारण त्यात त्यांचं काहीच पणाला लागलेलं नसतं. त्याऐवजी हे घ्या. अकरावी सायन्सची एक मुलगी. नाव एका ज्युनिअर कॉलेजात आहे, दिवसभर बसते मात्र कोचिंग क्लासमध्ये. दोन्हीकडची आपसांत व्यवस्था आहे. हजेरी परस्पर लागते, प्रॅक्टिकलचं जर्नल कुणाचं तरी उतरवून पूर्ण होतं, वडिलांनी दोन्ही ठिकाणी फी भरली आहे. मुंबई-वसई पट्ट्यातल्या मुलांना ‘इंटिग्रेटेड’ म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. आता विचारा: इथे कुणी चोरी केली का? कुणी खोटं बोललं का? मुलगी, वडील, क्लासवाले, हजेरी भरणारा कारकून, जर्नलवर सही करणारे सर, कुणाचा किती वाटा?

पहिली पाच मिनिटं प्रत्येकाने कागदावर नाव न घालता आपलं मत लिहावं. हे टाळू नका, नाहीतर वर्गात सर्वांत आधी जो बोलतो त्याचंच मत सगळ्यांचं होतं. मग चौघाचौघांचे गट. गटात त्यांना घरच्या बोलीत भांडू द्या, कादोडी, कोकणी, जी असेल ती. शाळेची इंग्रजी आणि मिस्साची मराठी या दोन्ही भाषांत मुलं आपल्याला हवं ते बोलतात. घरच्या बोलीत त्यांना वाटतं ते बोलतात. या टप्प्यात शिक्षकाने गप्प राहायचं, आणि हे वाटतं त्यापेक्षा बरंच अवघड आहे. इथल्या एका तरी पोराचं नाव अशाच एखाद्या कॉलेजात असणार. म्हणून ‘तुमच्यापैकी कोण कोण’ असं विचारून हात वर करायला लावू नका.

यानंतर आपलं हत्यार काढायचं. १९९२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी जाहीर केलेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाचा तिसरा भाग नैतिक जीवनावर आहे, परिच्छेद १६९१ ते २५५७. सगळा वाचायला वर्ष जाईल. शिकवणाऱ्याने सुरुवातीला तीन तुकडे पक्के करावेत: माणसाच्या कृतींबद्दलचे १७४९ ते १७६१, सदसद्विवेकबुद्धीबद्दलचे १७७६ ते १८०२ आणि पापाबद्दलचे १८४६ ते १८७६. पहिल्या तुकड्यात कोणत्याही कृतीकडे तीन बाजूंनी पाहायला सांगितलं आहे. प्रत्यक्ष केलं काय, कशासाठी केलं, आणि कोणत्या परिस्थितीत केलं. हेतू चांगला असल्याने वाईट कृती चांगली होत नाही. परिस्थितीमुळे दोष कमीजास्त होतो, कृतीची जात बदलत नाही. उलट चांगली कृती वाईट हेतूने नासते. दान देताना फोटो काढून घेणाऱ्यांची उदाहरणं मुलं स्वतःच देतील, त्यात आपल्या धर्मग्रामातली माणसंही निघतील. विषय हळूच पुढे न्या.

या खटल्यात ‘सगळेच करतात’ हे वाक्य येणारच. हसू नका, रागावू नका. हे या तिन्हींपैकी कशात बसतं, एवढंच विचारा. कुणीतरी सांगेल की परिस्थितीत. मग परिस्थितीने काय बदलतं आणि काय बदलत नाही, हे त्यांच्याच तोंडून येतं. ‘मला डॉक्टर व्हायचंय, गरिबांची सेवा करायचीय’ हा हेतू. तोही उत्तमच आहे. आणि हजेरीपुस्तकातली ती नोंद? इथे वर्ग शांत होतो.

कारकुनाचा प्रश्न त्याहून अवघड, आणि मला विचाराल तर तासातला सर्वांत मोलाचा. नोकरी टिकवायची म्हणून तो सांगितलेलं करतो. कॅथलिक नीतिशास्त्रात दुसऱ्याच्या वाईट कामातल्या सहभागाचे प्रकार पाडले आहेत. ते काम आपल्यालाही हवंच आहे म्हणून हात लावणं वेगळं, आणि नको असताना नाइलाजाने त्यात ओढलं जाणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात आपला हात त्या कामाच्या किती जवळ आहे आणि नकार दिला तर काय गमवावं लागेल, हे मोजावं लागतं. गंभीर पापासाठीही ख्रिस्तसभा तीन गोष्टी एकत्र मागते: बाब गंभीर असणं, तसं पूर्ण ठाऊक असणं, आणि मनापासून संमती असणं. आपल्या धर्माने इतक्या बारकाईने विचार केला आहे, हे मुलांना प्रथमच कळत असतं. त्यांची समजूत असते की चर्च म्हणजे ‘पाप, पाप’ एवढंच.

शेवटची दहा मिनिटं ग्रंथाची. सातवी आणि आठवी आज्ञा काढा, संबंधित परिच्छेद मोठ्याने वाचा, आणि ख्रिस्तसभेची भूमिका स्पष्ट सांगा. मुलांचा निवाडा तिच्याशी जुळला नाही तर कुठे आणि का, ते विचारा. (वर्गात प्रॉटेस्टंट मित्रमैत्रिणी असतील, तर आज्ञांच्या क्रमांकाचा घोळ होतो. आपली सातवी ती त्यांच्यातल्या बहुतेकांची आठवी. मजकूर एकच, मोजण्याची पद्धत वेगळी. दोन मिनिटांत सांगून मोकळे व्हा.)

आठव्या आज्ञेखाली एक विषय असा आहे, की तो घेतल्याशिवाय वर्ष संपवू नये. एखाद्यावर खोटा आळ घेणं वाईट, हे सगळ्यांना मान्य असतं. पण एखाद्याचा खरा दोष, सांगण्याचं काहीही रास्त कारण नसताना, ज्यांना तो माहीत नाही त्यांना सांगणं, हेही ग्रंथाने चूक ठरवलं आहे (परिच्छेद २४७७). ‘पण सर, ते खरं होतं!’ हा बचाव व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाढलेल्या पिढीला पूर्ण वाटतो, आणि तो पडताना बघून मुलं खरोखर दचकतात. मग पुढचा प्रश्न घ्या. रास्त कारण म्हणजे कोणतं? मैत्रिणीला त्रास देणाऱ्या माणसाबद्दल तिला सावध करणं बसतं का त्यात? बसतं. आणि ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकणं? यावर अख्खा तास जाऊ द्या.

नैतिकता म्हणजे रविवारची मिस्सा आणि मुलामुलींचे संबंध, एवढीच अनेक घरांतली समजूत. मुलंही ती घेऊनच वर्गात येतात. ती मोडायला ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणीइतकं चांगलं साधन नाही. १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या हक्कांवर परिपत्रक काढलं, तिथपासून ते पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या पर्यावरणावरच्या परिपत्रकापर्यंत तो धागा आहे. इतिहास सांगत बसू नका, मजुरीपासून सुरू करा. वसईतल्या वाड्यांवर आदिवासी मजूर राबतात, फ्लॅटमध्ये घरकामाला बाई येते. ठरलेली मजुरी दिली, दोघांच्या मर्जीने ठरली, मग अन्याय कसला? बहुतेक मुलं, आणि त्यांचे वडील नक्कीच, इथे थांबतात. ग्रंथ थांबत नाही. मजुरी नैतिक दृष्ट्या रास्त ठरायला दोघांची संमती पुरेशी नाही, त्या माणसाला कुटुंबासह माणसासारखं जगता येईल एवढं मोल हवं, असं परिच्छेद २४३४ सांगतो. गृहपाठ असा द्या: आपल्याकडे कामाला येणाऱ्या व्यक्तीला किती पैसे मिळतात, आजारी पडली तर खाडा कापला जातो का, हे घरी विचारायचं. आकडे वर्गात सांगायचे नाहीत. ज्याने विचारलं त्याच्या घरी त्या रात्री जेवताना जे बोलणं झालं असेल, तोच खरा तास.

इथेच जखयाची गोष्ट घ्या, लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातली. उंबराच्या झाडावरचा बुटका जकातदार म्हणून ती मुलांना लहानपणापासून ठाऊक असते. तो पश्चात्ताप करून थांबत नाही, लुबाडलेलं चौपट परत करायला निघतो, इकडे लक्ष वेधा. चोरलेलं परत केल्याशिवाय हिशेब मिटत नाही, हे कॅथलिक शिकवणीचं फार व्यवहारी अंग आहे. परत करणं शक्य नसेल तर काय, नाव गेलेल्याचं नाव परत कसं द्यायचं, ही कोडी मोठ्या मुलांना घालावीत.

वसईच्या वर्गांसाठी जमीन आणि पाणी हाही तयार विषय आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीने बिल्डरांविरुद्ध आणि टँकरच्या पाणीउपशाविरुद्ध जो लढा दिला, त्यात या मुलांच्या आजीआजोबांपैकी कुणी ना कुणी असेल. आणि ज्यांनी नंतर वाडी विकली, तेही याच घरांत असतील. पोरांना दोघांशी बोलायला पाठवा. विकणाऱ्याला खलनायक ठरवायची घाई करू नका. त्याला पोरीचं लग्न होतं, विहीर खारी झाली होती. त्याची बाजू नीट मांडता आली, तर तीन प्रश्नांची रीत मुलांना जमली असं समजा.

सदसद्विवेकबुद्धीचा पाठ या सगळ्याच्या नंतर यावा. आधी शिकवला तर ‘माझं मन सांगतं तेच खरं’ असा त्याचा अर्थ होतो. ख्रिस्तसभा दोन गोष्टी एका दमात म्हणते आणि दोन्ही सांगायला हव्यात. खात्रीने बोलणाऱ्या विवेकाचं माणसाने ऐकलंच पाहिजे. आणि तोच विवेक चुकू शकतो, सत्य शोधण्याचा आळस केला असेल तर त्या चुकीचा दोषही आपल्याकडे येतो. यासाठी मला फ्रान्झ येगरश्टेटरसारखं दुसरं उदाहरण सापडलेलं नाही. ऑस्ट्रियातला साधा शेतकरी, गावच्या चर्चची व्यवस्था पाहणारा, लहान मुलींचा बाप. हिटलरसाठी लढायचं नाही असं त्याने ठरवलं. गावाने समजावलं. खुद्द बिशपांनी संसाराच्या जबाबदारीची आठवण करून दिली. तो बधला नाही. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला, आणि २००७ मध्ये त्याच ख्रिस्तसभेने त्याला धन्य घोषित केलं. टेरेन्स मॅलिक यांनी त्याच्यावर २०१९ मध्ये चित्रपट काढला आहे. संथ आहे, पूर्ण दाखवू नका, वीस मिनिटांचा तुकडा पुरे. मग विचारा: बिशप चुकले का? त्याने मुलींवर अन्याय केला का? आणि त्याचा विवेक आणि ‘मला वाटतं म्हणून’ यात फरक काय? तो बायबल वाचत होता, प्रार्थना करत होता, सल्ले घेत होता, आणि किंमत स्वतः मोजत होता. हे मुलांनी शोधायचं.

आता सहावी आज्ञा. अनेक शिक्षक हा विषय डॉक्टरांच्या एका व्याख्यानावर सोपवून हात झटकतात. मुलं वर्षभर याच तासाची वाट बघत असतात, तेव्हा तो तुम्हीच घ्या. आठवडाभर आधी खोक्यात निनावी चिठ्ठ्या मागवा. आलेले प्रश्न गाळू नका, भाषा तेवढी साफ करा. मुलींना ‘जपून राहा’ आणि मुलांना काहीच नाही, ही आपल्या समाजाची रीत आहे. ख्रिस्तसभेची शुचिता दोघांना सारखीच लागू आहे. मुलीच्या अब्रूला काचेच्या भांड्याची किंवा उष्ट्या पानाची उपमा देणारी जुनी प्रवचनं तर पार टाकून द्या. वर्गात अत्याचार सोसलेली एखादी मुलगी, एखादा मुलगाही, बसलेला असू शकतो. ती उपमा त्याला काय सांगेल याचा विचार करा.

बंदी सांगण्याआधी कारण सांगा. दुसऱ्या माणसाचं शरीर ही वस्तू नाही, आणि देणं पूर्ण नसेल तर ते घेणंच होऊन बसतं, या एका सूत्रातून ख्रिस्तसभा लग्नाआधीचे संबंध, पोर्नोग्राफी, संततिनियमनाची कृत्रिम साधनं या सगळ्यांकडे बघते. मुलांना ते पटेलच असं नाही. संततिनियमनावरची १९६८ ची भूमिका त्यांच्या घरीही सगळ्यांना पटलेली नसेल. तरी ती जशी आहे तशी, न चोरता, सांगा. समलिंगी व्यक्तींबद्दल प्रश्न येईलच. कृतीविषयीची शिकवण सांगा, आणि त्याच ग्रंथात अशा व्यक्तींशी आदराने, करुणेने वागावं, अन्यायाचा भेदभाव करू नये असं बजावलं आहे, तेही तेवढ्याच जोराने सांगा. वर्गात या विषयावर खिदळणं पहिल्या सेकंदाला थांबवा.

‘हिंदू मुलाशी लग्न केलं तर चर्च काढून टाकेल का?’ हा प्रश्न खोक्यात हमखास असतो. इथे माहिती द्या, प्रवचन नको. बिशपांची विशेष परवानगी घेऊन असं लग्न चर्चमध्ये होऊ शकतं, दुसऱ्याने धर्म बदललाच पाहिजे अशी अट नाही. कॅथलिक बाजूला आपली श्रद्धा टिकवण्याचं आणि मुलांच्या बाप्तिस्म्यासाठी जमेल तेवढं करण्याचं वचन द्यावं लागतं, आणि जोडीदाराला त्या वचनाची कल्पना द्यावी लागते.

एक गोष्ट कायद्याची आहे आणि ती वर्ष सुरू होतानाच स्वतःला समजावून घ्या. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. म्हणून ‘सांग, मी कुणालाच सांगणार नाही’ असं वचन कधीही देऊ नका. वर्गातलं बोलणं म्हणजे पापनिवेदन नाही, हे मुलांनाही पहिल्याच तासाला सांगा. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक फळ्याशेजारी लावून ठेवा.

‘आणि फादर लोकांचं काय?’ हा प्रश्न येईल, बहुधा मागच्या बाकावरून. चर्चमधल्या अत्याचारांबद्दल मुलांनी सगळं वाचलेलं असतं. बचाव करू नका. झालं, लपवलं गेलं, ते पाप होतं आणि गुन्हाही होता, असं सरळ म्हणा; आणि २०१९ पासून पोप फ्रान्सिस यांनी धर्मगुरू व व्रतस्थांवर अशा तक्रारी वरपर्यंत कळवण्याचं बंधन घातलं आहे, हेही सांगा. असाच दुसरा अडचणीचा प्रश्न: चर्च आपलं मत बदलतं का? देहदंडाचं उदाहरण घ्या. १९९२ च्या ग्रंथाने तो काही परिस्थितीत मान्य केला होता, २०१८ मध्ये तो परिच्छेद बदलून देहदंड अमान्य ठरवला. काय बदललं आणि माणसाच्या मोलाबद्दलचं कोणतं तत्त्व तसंच राहिलं, यावर बारावीची मुलं तासभर उत्तम वाद घालतात.

कॅथलिक शाळा-कॉलेजांत वर्गात बिगरख्रिस्ती मुलंच जास्त असतात. राज्यघटनेच्या कलम २८(३) प्रमाणे मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत कुणालाही धार्मिक शिक्षणाची सक्ती करता येत नाही, अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. म्हणून कॅथलिक मुलांना धर्मशिक्षण आणि इतरांना मूल्यशिक्षण अशी विभागणी चालते. खटले मात्र दोन्हीकडे तेच चालतात. हजेरी, स्क्रीनशॉट, बाईंचा पगार. मूल्यशिक्षणाच्या तासात शेवटची दहा मिनिटं ग्रंथाऐवजी प्रत्येकाने आपल्या परंपरेत यावर काय सांगितलं आहे ते घरून विचारून आणावं.

गुण देऊ नका. या विषयाला मार्क ठेवले की मुलं शिक्षकाला हवं ते लिहितात. वर्षाअखेर एक न पाहिलेला खटला देऊन दोन पानं लिहायला सांगा, आणि निवाडा काय यापेक्षा तिथपर्यंत कसे पोचले ते तपासा. मुलांना स्वतः वाचायला २०११ चं यूकॅट आणि सामाजिक शिकवणीवरचं २०१६ चं डोकॅट ठीक आहे. बायबलसाठी फादर दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ जवळ असू द्या, इंग्रजी माध्यमाच्या पोरांनाही ते वाचवतं.

राहिले पालक. मजुरीचा गृहपाठ घरी पोचला की फोन येतो. म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच त्यांची एक बैठक घ्या, खोक्याची कल्पना द्या, आणि हजेरीचा तो खटला त्यांनाही सोडवायला द्या, नाव न घालता, कागदावर. चहाआधी द्या, नंतर नको. आणि बैठक जूनमध्येच घ्या, दिवाळीनंतर बारावीचे पालक कुठल्याच बैठकीला येत नाहीत.